अजब-गजबच्या नावानं चांगभलं!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आजचा लेख भांडणाचा आहे. ज्यांना भांडण वाचायचं नसेल त्यांनी इथूनच परत फिरावं, राग मानणार नाही. नातेवाईक मंडळींनी मात्र थांबावं, कारण भांडण बरंचसं त्यांच्याशीच आहे :)

विषय आहे 'अजब-गजब'. म्हणजे जगातल्या पंचवीस विलक्षण जागा, डोळ्यांवर विश्वास बसणार नाही अशी छायाचित्रं, वेड्या कलाकारांच्या वेड्या कलाकृती वगैरे वगैरे. पूर्वी हा माल ढकलपत्रांतून यायचा. सोबत एक पीपीटी असायची. ती उघडली की मागे पियानो वाजायला लागायचा आणि एकेक चित्र गरगर फिरत पडद्यावर येऊन आदळायचं. शेवटच्या पानावर गुलाबाचं फूल आणि 'दहा जणांना पाठवा'. आता ढकलपत्रं गेली, व्हॉट्सॲप आलं, पियानोच्या जागी दुसरंच काहीतरी वाजतं. माल तोच आहे. कित्येकदा तर चित्रंही तीच असतात, वीस वर्षं फिरून फिरून कडा झिजलेली.

माझी तक्रार चित्रांबद्दल नाही. चित्रं बहुतेक वेळा खरोखर सुंदर असतात. तक्रार आहे ती चित्राखाली जे नसतं त्याबद्दल. जागेचं नाव नसतं. फार तर 'जपानमधील एक बेट' इतकंच. फोटो कुणी काढला, कधी काढला, पत्ता नाही. ती वस्तू घडवली कुणी, हे तर नसतंच नसतं. त्या सगळ्याच्या जागी एकच शब्द असतो, 'अजब'. किंवा 'अमेझिंग', आणि पुढे सहा उद्गारचिन्हं.

आता गंमत बघा. हीच आपली मंडळी घरातला १९६२ सालचा मुंजीचा फोटो निघाला की काय करतात? मागच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण, यावर अर्धा तास वाद. ती पुण्याची मामी की तिची जाऊ, हातातलं बाळ कुणाचं, कडेला अर्धाच दिसणारा तो गृहस्थ मुलाकडचा की आचारी... एक चेहरा बिननावाचा राहिला तर जेवण गोड लागत नाही. मग हा चौकसपणा घराच्या उंबऱ्याबाहेर पडला की जातो कुठे?

माझं म्हणणं सरळ आहे. 'अजब' हे वर्णन नाही, ती पळवाट आहे. एखाद्या गोष्टीला अजब म्हटलं की तिच्याबद्दल पुढे काही विचारायची जबाबदारी संपते. "कमाल आहे बुवा" म्हणायचं, अंगठा दाखवायचा, पुढच्या माणसाकडे ढकलायचं. आपण काहीतरी पाहिलं असं वाटतं, पण पाहिलेलं काहीच नसतं.

"अहो, गंमत म्हणून बघतो. त्यात काय बिघडलं?" हा प्रश्न मला आत्तापर्यंत किमान तीन काकांनी विचारलाय. काय बिघडतं ते ओळीनं सांगतो.

पहिली गोष्ट, खोट्याचं फावतं. जुन्या वाचकांना तो शार्कचा फोटो आठवत असेल. २००१ च्या आसपास जगभर फिरला होता. हेलिकॉप्टरला लोंबकळणारी शिडी, शिडीवर एक सैनिक आणि खालून पाण्याबाहेर झेप घेऊन जबडा वासणारा शार्क. फोटो दक्षिण आफ्रिकेतला, असं त्याच्याबरोबर लिहून यायचं. नॅशनल जिऑग्राफिकचं नावही त्याला चिकटवलेलं होतं, म्हणे वर्षातलं सर्वोत्तम छायाचित्र! त्या मासिकाला शेवटी खुलासा करावा लागला की असं काही नाही. आणि चित्रात मागे दिसत होता चक्क सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल. आफ्रिकेत! लाखो लोकांनी तो फोटो पाहिला आणि मागचा लालभडक पूल लोकांना दिसला नाही, कारण बघायचं काय हे आधीच ठरलेलं होतं.

ते चित्र दोन खऱ्या फोटोंची जोडणी होती. हेलिकॉप्टरचा फोटो अमेरिकी हवाई दलाच्या लान्स चियुंग यांचा, शार्कचा चार्ल्स मॅक्सवेल यांचा. मॅक्सवेल यांचा शार्क खरंच दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात तसा झेपावला होता. एवढं अवजड जनावर अख्खं पाण्याबाहेर येतं हे खरं आश्चर्य. ते कुणाला पुरलं नाही. दोन माणसांची मेहनत चोरून, नावं पुसून, त्यातून एक खोटं बनवलं आणि त्याला जग 'अद्भुत' म्हणालं.

तेव्हा निदान कुणाला तरी बसून दोन चित्रं जोडावी लागली. आता तेवढेही कष्ट नाहीत, चार शब्द लिहिले की यंत्र चित्र काढून देतं. २०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकारानं सोनीच्या नावानं दिल्या जाणाऱ्या जागतिक छायाचित्रण पुरस्कारांत मिळालेलं पारितोषिक नाकारलं, कारण त्याचं चित्र मुळात कॅमेऱ्यानं काढलेलंच नव्हतं. ते यंत्रानं बनवलेलं होतं आणि त्याला पाहायचं होतं की हे कुणाच्या लक्षात येतं का. परीक्षकांची ही गत, तर आपल्या काकांची काय कथा? फोटोला लावायची कसोटी फक्त 'अजब आहे का' एवढीच असेल तर खऱ्या जागेनं यंत्रापुढे हात टेकलेलेच बरे. यंत्र तिच्यापेक्षा अजब काहीतरी रोज काढून देईल. खऱ्या जागेकडे यंत्राकडे नसलेली एकच गोष्ट असते. ती कुठेतरी असते, आणि तिथे कुणाचं तरी काहीतरी घडलेलं असतं.

दुसरी गोष्ट. अजब म्हटलं की दुःख गाळलं जातं.

ते 'जपानमधील एक बेट' घ्या. ओसाड काँक्रीटच्या इमारती, फुटक्या खिडक्या, चहूबाजूंनी समुद्र. खाली लिहिलेलं असतं 'भुताटकीचं बेट'. त्या बेटाचं नाव हाशिमा. नागासाकीजवळ आहे, लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर. लांबून युद्धनौकेसारखं दिसतं म्हणून जपानी लोक त्याला गुंकानजिमा म्हणतात. समुद्राच्या तळाखाली कोळसा होता. १८९० साली मित्सुबिशीनं ते विकत घेतलं आणि १९१६ साली तिथे जपानमधली काँक्रीटची पहिली मोठी निवासी इमारत उभी राहिली. १९५९ साली त्या एवढ्याशा खडकावर ५,२५९ माणसं राहत होती. शाळा होती, दवाखाना होता, चित्रपटगृह होतं. माती नव्हती म्हणून गच्च्यांवर माती टाकून भाजी लावलेली होती. पुढे तेलानं कोळशाला मागे सारलं, १९७४ च्या जानेवारीत खाण बंद झाली आणि काही महिन्यांत शेवटचा माणूसही बोटीत बसून निघून गेला. भुतं कसली? कंपनीनं खाण मिटली, एवढीच भुताटकी.

पण भुतं म्हणायचीच असतील तर ती वेगळी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरिया आणि चीनमधून माणसं आणून त्या खाणीत जबरदस्तीनं राबवली गेली. २०१५ साली हाशिमासह जपानच्या औद्योगिक इतिहासाची ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, तेव्हा दक्षिण कोरियानं यावरच आक्षेप घेतला होता. यांतल्या काही ठिकाणी माणसांना इच्छेविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवलं गेलं, हे जपाननं तेव्हा मान्य केलं आणि त्यांची आठवण जपण्याचं आश्वासन दिलं. २०२१ साली युनेस्कोच्या समितीला पुन्हा सांगावं लागलं की आश्वासन नीट पाळलेलं दिसत नाही. म्हणजे दोन देश ज्या जागेच्या इतिहासावरून इतकी वर्षं भांडताहेत, ती आपल्याकडे येते 'भुताचं बेट, हिंमत असेल तर शेवटपर्यंत बघा' म्हणून. ज्या माणसांचं नाव घ्यायला खुद्द जपानची जीभ अडखळते, त्यांना पुसण्यात आपणही आपला अंगठा लावतो.

माणसांच्या फोटोंचं तर विचारूच नका. हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी माहीत नसलेला माणूस विरळा. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या नासिरबाग निर्वासित छावणीत, शाळेच्या तंबूत, तो फोटो काढला. जून १९८५ च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर तो आला आणि जगभर गाजला. त्या मुलीचं नाव मात्र कुणी लिहून घेतलं नव्हतं! सतरा वर्षं ती नुसती 'अफगाण मुलगी' होती. २००२ साली शोध घेऊन तिला गाठलं तेव्हा नाव कळलं, शरबत गुला. डोळ्यांच्या बुबुळांवरून खात्री करून घेतली, कारण ओळख पटवायला दुसरं होतं काय? आपला तो जगप्रसिद्ध फोटो तिनं तोवर पाहिलेलाही नव्हता.

बरं, पुढे काय झालं हे किती जणांना माहीत आहे? २०१६ साली पाकिस्तानात खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून तिला अटक झाली आणि मग अफगाणिस्तानात परत पाठवलं गेलं. २०२१ साली काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर तिनं देश सोडण्यासाठी मदत मागितली आणि इटलीनं तिला आसरा दिला. ज्या बाईचा चेहरा अख्ख्या जगानं ओळखला, तिला स्वतःची ओळख सिद्ध करणाऱ्या कागदापायी कोठडी पाहावी लागली. आणि आपल्याकडे अजूनही तो फोटो येतो 'जगातले सर्वात सुंदर डोळे' म्हणून. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. त्या डोळ्यांत सौंदर्य आहेच, नाही कोण म्हणतं? पण त्या मुलीनं घर गमावलंय आणि एक परका माणूस तिच्यासमोर कॅमेरा रोखून उभा आहे. एवढं कळायला निदान तिचं नाव आणि ती छावणी तरी माहीत हवी की नको?

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. अजब म्हटलं की कष्ट दिसत नाहीत. 'कुणा वेड्यानं बांधलेला महाल' असं लिहून एक फोटो नेहमी फिरत असतो. त्या वेड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगू द्या, कारण ती मला फार जवळची वाटते.

फ्रान्सच्या आग्नेय भागात ओतरीव नावाचं खेडं आहे. तिथे फर्दिनां शवाल नावाचा पोस्टमन होता. जन्म १८३६ चा, शिक्षण बेताचं, बांधकामाचं शिक्षण शून्य. खेड्यापाड्यांतून रोज तीसेक किलोमीटर पायी टपाल वाटायचं, ही त्याची नोकरी. १८७९ साली, वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी, वाटेत एका दगडाला ठेचकाळला. दगडाचा आकार इतका विलक्षण की खिशात घालून घरी आणला. दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी सापडले. मग रोज खिसे भरून यायला लागले. खिसे फाटले तेव्हा टोपली आली, टोपली पुरेना तेव्हा एकचाकी ढकलगाडी. दिवसभर टपाल वाटताना दगड हेरून ठेवायचे, संध्याकाळी गाडी घेऊन परत जाऊन ते आणायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात चुना-सिमेंटनं ते एकावर एक रचायचे. असं किती दिवस? तेहेतीस वर्षं! १९१२ साली महाल पुरा झाला. लांबी २६ मीटर. किती दिवस आणि किती तास लागले याचा हिशोब त्यानं भिंतीवरच कोरून ठेवलाय, १०,००० दिवस आणि ९३,००० तास. पोस्टमनचाच हिशोब तो, चोख असणार :)

पण मला जे सांगायचंय ते पुढेच आहे. त्या महालात काय काय आहे? मशीद आहे, मिनारासकट. स्वित्झर्लंडमधलं लाकडी घर आहे. आणि, मंडळी, एक हिंदू मंदिरही आहे! शवाल आयुष्यात कधी हिंदुस्थानात आला नव्हता. मग हे आलं कुठून? सचित्र मासिकांतून आणि तेव्हा नव्यानंच येऊ लागलेल्या चित्रपोस्टकार्डांतून. तो पोस्टमन होता ना! जगभरच्या अजब जागांची चित्रं त्याच्या हातून जात होती. इकडून आलेलं तिकडे द्यायचं, हेच तर त्याचं काम.

म्हणजे बघा, आपण रोज जे करतो तेच तोही करत होता. चित्रं येत होती आणि तो ती पुढे पोचवत होता. फरक एवढाच की पोचवण्याआधी तो ती पाहत होता. इतकं नीट पाहत होता की कधी न पाहिलेल्या देवळाला त्यानं आपल्या परसातल्या महालात जागा दिली, दगड वाहून. आपल्या हातून आजवर हजारो चित्रं गेली असतील. एकाकडे तरी आपण असं पाहिलं का? आणि अशा माणसाला आपण 'वेडा' म्हणायचं?

तसं गावानंही म्हटलंच म्हणा. महालातच आपल्याला पुरावं अशी त्याची इच्छा होती, तीही परवानगी नाकारली गेली. म्हातारा हटला नाही. सत्तरी केव्हाच उलटलेली असताना त्यानं गावच्या दफनभूमीत आणखी आठ वर्षं खपून स्वतःसाठी तसंच एक थडगं बांधलं. ते पुरं झालं १९२२ साली, आणि १९२४ साली तो त्यात विसावला. पुढे पिकासोसारख्यांना त्या महालानं भुरळ घातली. १९६९ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी, स्वतःच्याच खात्यातल्या लोकांचा विरोध डावलून, तो महाल संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केला. खात्यातल्यांच्या लेखी ती 'अजब' वस्तू होती. मालरोंच्या लेखी ते एका माणसाचं काम होतं. त्या एका फरकावर महाल वाचला.

'वाचला' म्हणतोय ते उगीच नाही. कारण चौथी गोष्ट अशी की बिननावाची वस्तू पाडणं सोपं असतं. यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही, चंदीगडला जाऊ.

नेकचंद सैनी हे फाळणीत आपलं गाव मागे टाकून आलेले. ते गाव आता पाकिस्तानात आहे. चंदीगड उभं राहत होतं, तिथे ते सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक म्हणून लागले. नवं शहर वसवायला जुनी खेडी उठवली गेली होती, त्यांचा राडारोडा पडला होता. फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, मोडक्या सायकली, फुटलेल्या फरशा. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी या माणसानं सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात जागा पाहिली आणि नोकरी संपल्यावर सायकलवरून हा कचरा तिथे न्यायला सुरुवात केली. सरकारी जमीन, परवानगी नाही, म्हणून सगळं चोरून. रात्री जुने टायर जाळून उजेड करायचा आणि त्या उजेडात सैनिक, नर्तकी, माकडं, पाणी भरणाऱ्या बायका घडवायच्या. दीड दशकाहून जास्त काळ सरकारला पत्ताच नव्हता. सत्तरीच्या दशकात उलगडा झाला तेव्हा कायद्यानं ते सगळं पाडायलाच हवं होतं. पण ज्यांनी पाहिलं त्यांना ते पाडवेना. १९७६ साली बाग लोकांसाठी उघडली. सरकारनं नेकचंदना त्याच कामावर नेमलं, हाताखाली मजूर दिले आणि १९८४ साली पद्मश्रीही.

गोष्ट इथे संपली असती तर छानच होतं. १९९० च्या सुमारास बागेच्या एका भागातून रस्ता काढायला बुलडोझर आले. तेव्हा चंदीगडची माणसं आडवी उभी राहिली, आणि बुलडोझर परत गेले. ती माणसं 'रॉक गार्डन नावाच्या अजब जागे'साठी आलेली नव्हती. ती नेकचंदसाठी आली होती. तो माणूस कोण, त्यानं काय केलंय, हे त्यांना ठाऊक होतं.

नेकचंद २०१५ साली गेले. आणि मार्च २०२५ मध्ये, उच्च न्यायालयाच्या परिसरातल्या रस्त्यासाठी आणि पार्किंगसाठी, बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. विरोध झाला, लोक जमले, पण भिंत पडायची ती पडली. आता मला सांगा, त्या बागेचे फोटो आजवर किती वेळा पाठवले गेले असतील? तुमच्याकडे आले असतील, माझ्याकडेही आलेत. 'टाकाऊपासून टिकाऊ, अप्रतिम!!' मग त्या भिंतीची बातमी तुमच्यापैकी किती जणांपर्यंत पोचली? अप्रतिम म्हणणाऱ्यांपैकी कितींना ती जागा भारतात आहे एवढं तरी ठाऊक होतं?

इथे कुणीतरी म्हणणारच, "हे सगळं वाचत बसायला वेळ कुणाला आहे? माणूस दमून घरी येतो, दोन सुंदर चित्रं बघतो, बरं वाटतं." मान्य. मी कुणाला ग्रंथ वाचायला सांगत नाही. पण वेळ नाही म्हणणारी माणसं दिवसाला चाळीस चित्रं पुढे पाठवतात. चाळीसच्या ऐवजी एक पाठवा आणि उरलेल्या एकोणचाळिसांच्या वेळात त्या एकाचं नाव शोधा. हिशोब जमतो.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. "माहिती दिली की जादू जाते. न कळण्यातच मजा असते." हे मला अजिबात पटत नाही. जादूगाराच्या टोपीतल्या सशाबद्दल ते खरं असेल. पण शवालचा खिसा फाटला होता हे कळल्यावर तो महाल लहान होतो का? नेकचंद टायरच्या उजेडात काम करायचे हे कळल्यावर ती माकडं बघायची मजा कमी होते? जी जादू माहितीनं जाते ती मुळात फारशी जादू नव्हतीच, त्या शार्कसारखी.

आता शेवटचं, आणि हे खास कोकणातल्या नातेवाईकांसाठी.

आपल्याच रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, जांभ्या कातळात कोरलेली चित्रं आहेत. माणसं, मासे, पक्षी, वाघ, कोडी वाटावीत अशी नक्षी. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात कितीतरी इतर प्राणी. काही ठिकाणी गेंडा आणि पाणघोडा ओळखता येतो असं अभ्यासक सांगतात, जे आज कोकणात औषधालाही सापडायचे नाहीत. अभ्यासकांच्या मते हे काम हजारो वर्षांपूर्वीचं आहे. गोव्यात कुशावतीच्या काठी, उसगाळीमळला, अशीच शिल्पं आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत एकेक चित्र शोधलं, माती झाडून मोजमापं घेतली. २०२२ साली कोकणातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. त्यात बारसू आहे, देवाचे गोठणे आहे, उक्षी आहे, कुडोपी आहे.

आणि मला या चित्रांचा जो फोटो गेल्या वर्षी आला त्याखाली काय होतं? 'परग्रहवासीयांनी काढलेली रहस्यमय चित्रं!' गाव नाही, जिल्हा नाही, शोधणाऱ्यांचं नाव नाही. पाठवणारे गृहस्थ मूळचे राजापूर तालुक्यातले! म्हणजे ज्या सड्यावर यांच्या आज्याच्या गुरांनी चरून घेतलं, तो यांच्या लेखी कुठल्यातरी दुसऱ्या ग्रहावर आहे.

हसू येतं, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ही चित्रं कुलपात नाहीत, उघड्यावर आहेत. जांभा चिऱ्यांसाठी तोडला जातो, सड्यावरून रस्ता जातो, गाडी फिरते. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी रस्त्यावर आले, तेव्हा या चित्रांचं काय होणार हा प्रश्नही पुढे आला. प्रकल्प हवा की नको यावर तुमचं माझं मत काहीही असो, ते वेगळं भांडण आहे. पण तिथे काय आहे हे बोलायला आधी ते तिथे आहे हे ठाऊक हवं. परग्रहावरच्या चित्रांसाठी तलाठ्याकडे अर्ज कोण करणार?

थोडक्यात काय, तर माझी मागणी चार शब्दांची आहे. काय, कुठलं, कुणाचं, कधीचं. चित्र पुढे पाठवण्याआधी एवढं लिहा. शोधायला बहुतेक वेळा पाच मिनिटं लागतात. नाही सापडलं तर 'सापडलं नाही, कुणाला माहीत असल्यास सांगा' असं लिहा. त्यानं चित्राची शोभा कमी होत नाही, उलट कुणीतरी शोधायला लागतो. आणि शोधून खोटं निघालं तर पाठवू नका, इतकं सोपं आहे.

कोकणातल्या मंडळींना आणखी एक काम. मे महिन्यात पोरं गावी येतील. आंबे, फणस, समुद्र सगळं होऊ दे. पण एक सकाळ उन्हं चढायच्या आत त्यांना सड्यावर घेऊन जा. चपला काढून, चित्रावर पाय न देता, कडेनं फिरून तो हत्ती दाखवा. फोटो काढा, जरूर काढा. आणि खाली गावाचं नाव लिहून मगच मला पाठवा. बिननावाचा आला तर मी उत्तर देणार नाही, मग पाठवणारी सख्खी आत्या का असेना.